विमान डायव्हर्ट झालं, पुढच्या हालांना जबाबदार कोण?

सिंहगडकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज लिहितोय, कारण ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

गेल्या महिन्यात आई (वय ७१) आणि मी दिल्लीहून पुण्याला येत होतो. रात्री पावणेनऊला लोहगावला उतरायचं होतं. पुण्यावर वळवाचा पाऊस, विजांचा कडकडाट. विमानाने अर्धा-पाऊण तास घिरट्या घातल्या, मग कॅप्टनने सांगितलं की आपण दुसऱ्या शहराकडे वळतोय. इथपर्यंत माझी एका शब्दाची तक्रार नाही.

दहाच्या सुमारास तिथे उतरलो. विमानातून बाहेर पाऊल टाकलं तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आधी म्हणाले, पुण्याचं हवामान सुधारलं की निघू. मग इंधनाची गाडी यायचीय. अकराच्या पुढे शेजारच्याने फोनवर बघून सांगितलं की पुण्यात विमानं उतरायला लागली, तर कळलं की आमच्या वैमानिकांची ड्युटीची वेळ संपत आलीय. मग शिडी नाही. शिडी आली तर बस नाही.

आईला मधुमेह आहे. इन्सुलिन पर्समध्ये होतं, पण टोचून घेतल्यावर खायचं काय? विमानातलं विकायचं खाणं केव्हाच संपलं होतं. शेवटी क्रूमधल्या एका मुलीने स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी आणून दिली. फॉइलमध्ये पोळीचे चार तुकडे होते, त्यातले तीन तिने आईला दिले. ते फॉइल उघडतानाचा आवाज मला अजून आठवतो.

कंपनीचं आणि त्या विमानतळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझा प्रश्न एवढाच: पाऊस कोणाच्या हातात नाही हे मान्य, पण नंतरचे चार तास कोणाच्या हातात होते?

चिंचोके
बाप रे. आई आता बऱ्या आहेत ना?

सिंहगडकर
हो, ठीक आहे. त्या मुलीचं नाव विचारायचं राहिलं, ही तिची रोजची हळहळ.

खडकवासला
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. पायलटने धोका न पत्करता सुखरूप उतरवलं, हेच पुष्कळ. आपल्याकडे लोक डायव्हर्ट म्हटलं की लगेच आरडाओरडा करतात, पायलटच्या अंगावर धावून जातात. हवामान म्हणजे हवामान. त्यात जबाबदार कोणाला धरणार?

सिंहगडकर
खडकवासला, मी डायव्हर्ट करण्याबद्दल बोलतच नाहीये. परत वाचा, उतरल्यानंतरच्या वेळेबद्दल विचारतोय.

वाऱ्याची_दिशा
मी पंचवीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या नियोजनात काढली, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो.

विमान निघण्याआधीच पर्यायी विमानतळ कागदावर ठरलेला असतो. त्याला अल्टरनेट म्हणतात. इंधनाचा हिशोबही त्यावरच: प्रवासापुरतं, वर थोडं आकस्मिक खर्चाचं, मग अल्टरनेटपर्यंत जायचं, आणि त्याखाली शेवटचं राखीव, म्हणजे जेट विमानाला पंधराशे फुटांवर तीस मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं. या शेवटच्या तीस मिनिटांना हात लावायची वेळ आली तर सरळ 'मेडे', म्हणजे आणीबाणीचा संदेश द्यायचा. आपण नेहमी बसतो ती एकशेऐंशी आसनी विमानं ताशी साधारण अडीच टन इंधन खातात. जास्त भरून न्यावं तर ते वाहून नेण्यातच त्यातलं तासाला तीन-चार टक्के जळतं. म्हणून कंपन्या हात राखून भरतात. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी पुण्याला जाणाऱ्या विमानात वीस-तीस मिनिटांचं जादा इंधन घालायचं की नाही, हा नियोजनाचा निर्णय आहे. वीज कुठे पडेल हे सांगता येत नाही, पण मे महिन्यात दुपारनंतर पुण्यावर ढग चढतात हे लोहगावच्या चहावाल्यालाही माहीत असतं.

दुसरी गोष्ट वैमानिकांच्या ड्युटीची. ही मर्यादा आपल्याच जिवासाठी आहे, तिच्यावर राग नको. पण ती कोणत्या मिनिटाला संपते हे उड्डाणाआधीच नोंदलेलं असतं. विमान वळलं त्याच क्षणी ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये (कंपनीच्या सगळ्या उड्डाणांवर लक्ष ठेवणारा कक्ष) बसलेल्या माणसाने गणित मांडायला हवं: उतरणार दहाला, इंधन भरून निघायला किमान पन्नास मिनिटं, पुण्याला पोचायला अमुक, क्रूची वेळ तमुक. जमत नसेल तर तिथल्या तिथे प्रवासी उतरवायचे. तुम्हाला अकरापर्यंत 'निघू' सांगितलं गेलं, याचा अर्थ हे गणित कोणीतरी उशिरा मांडलं, किंवा मांडूनही तुम्हाला सांगितलं नाही.

मेतकूट
वाऱ्याची_दिशा काका, सुंदर समजावलंत. 'ऑपरेशन्स कंट्रोल' हा शब्द आज कळला. आम्ही आपले बिचाऱ्या हवाई सुंदरीवर डाफरत बसतो.

खडकवासला
काकांचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललं. पण मग विमानतळाचं काय? शिडी तर त्यांची असते ना?

शिडीवाला
नावावरून ओळखलं असेल, मी ग्राउंड हँडलिंगमध्ये आहे, एका मध्यम आकाराच्या विमानतळावर. खडकवासला, शिड्या, बस, टो-बार, वीज पुरवणारी गाडी, हे बहुतेक ठिकाणी हँडलिंग एजन्सीचं असतं. विमान कंपनीचा आमच्याशी करार असतो, तो रोजच्या ठरलेल्या फेऱ्यांपुरता. समजा, आमच्याकडे रात्री दहानंतर तीन विमानं येतात, तर माणसंही तीन विमानांपुरतीच असतात. मुंबई किंवा दिल्ली बंद झाली की तासाभरात नऊ विमानं येऊन उभी राहतात. एका विमानाला पुढची-मागची मिळून दोन शिड्या लागतात. माझ्या पाळीत चार शिड्या होत्या, त्यातल्या एकीचा ब्रेक धड नव्हता.

मग कोणाला आधी द्यायची? ज्या कंपनीचा आमच्याशी करार आहे तिला. ज्यांचा इथे माणूसच नाही, त्यांचा वैमानिक रेडिओवर विनवतो आणि आम्ही ऐकत राहतो. एका रात्री मी खाली उभा होतो आणि वर खिडकीतून एक बाई लहान बाळाला उचलून मला दाखवत होती. आवाज काही येत नव्हता. शिडी आणायला मला पन्नास मिनिटं लागली. त्या बाळाचं झबलं पिवळं होतं, एवढं नक्की सांगतो.

त्यामुळे सिंहगडकरदादा, खालच्या माणसाला बोल लावू नका. पण वर ज्यांनी 'हा आमचा अल्टरनेट' म्हणून कागदावर लिहिलं, त्यांनी तिथे शिडीची सोय केली होती का, हे जरूर विचारा.

सिंहगडकर
शिडीवाला, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, तुम्ही आणलीत ना शेवटी."

कोकणी_मेवा
जानेवारी २०२४ मधलं आठवतंय का कोणाला? गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं होतं, आणि वैतागलेले प्रवासी खाली उतरून विमानाच्या बाजूला जमिनीवरच जेवायला बसले होते. मी गोव्याची, त्यामुळे तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर दिवसभर फिरत होता. सगळे प्रवाशांना नावं ठेवत होते. मला मात्र वाटलं, आधीच कित्येक तास उशिरा सुटलेलं विमान, पोटात अन्न नाही, माणूस करणार काय?

त्या प्रकरणात दंड कोणाला झाला ते बघा. कंपनीला १ कोटी २० लाख, आणि मुंबई विमानतळ चालवणाऱ्यांना दोन यंत्रणांकडून मिळून ९० लाख. म्हणजे सरकारनेही जबाबदारी दोघांत वाटली. त्याच सुमारास एअर इंडिया आणि स्पाइसजेटला प्रत्येकी ३० लाखांचा दंड झाला, कारण दिल्लीच्या धुक्याच्या दिवसांत त्यांनी कॅट-थ्रीचं प्रशिक्षण नसलेले वैमानिक पाठवले होते.

चिंचोके
कॅट-थ्री म्हणजे?

वाऱ्याची_दिशा
कमी दृश्यतेत उपकरणांच्या मदतीने उतरायची श्रेणी. कॅट-वनला धावपट्टीवर साधारण ५५० मीटर दिसावं लागतं, कॅट-थ्री-बीमध्ये ते ५० मीटरपर्यंत खाली येतं. त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक तिन्ही त्या श्रेणीचे लागतात. एकाची कमतरता असली की विमान जयपूर नाहीतर लखनौ गाठतं. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं ही काही बातमी नाही. तिथे कोरा वैमानिक पाठवला आणि विमान वळवावं लागलं, तर फलकावर 'हवामान' लिहितात. मला ते कधीच पटलं नाही.

धावपट्ट्यांचंही तसंच. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या चारपैकी एक धावपट्टी, १०/२८, नेमक्या याच उपकरणांच्या सुधारणेसाठी बंद केली. त्या दिवसांत पूर्वेचे वारे सुटले, उतरण्याची क्षमता घटली आणि रोज विमानं खोळंबायला लागली. जम्मूहून निघालेलं एक विमान मध्यरात्री जयपूरला नेलं, त्यात खुद्द ओमर अब्दुल्ला होते, त्यांनी शिडीवर उभं राहून जाहीर राग व्यक्त केला. शेवटी काम थांबवून धावपट्टी मेच्या सुरुवातीला पुन्हा उघडली आणि काम पावसाळ्यावर ढकललं. वारा पूर्वेचा असेल हे आधी पाहता आलं असतं.

पार्लेकर_७२
अवांतर होईल, पण मुंबईबद्दल लिहितो. आमच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. १ जुलै २०१९ च्या रात्री धो धो पावसात जयपूरहून आलेलं विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन चिखलात रुतलं, आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. माझी मावशी तेव्हा पॅरिसहून येत होती, ती अहमदाबादला उतरली. आता नवी मुंबई सुरू झालंय, तर सगळी विमानं तिकडे वळवली की प्रश्न मिटला, नाही का?

वाऱ्याची_दिशा
पार्लेकर, धावपट्टी बंद पडली असेल तर नवी मुंबईचा फार उपयोग होईल. पण ढगाला खाडी दिसत नाही. सांताक्रूझवर जो ढग असतो तोच पनवेलवरही असतो. हवामानासाठीचा अल्टरनेट लांबचाच लागतो.

मेतकूट
वातावरण फार गंभीर झालंय, म्हणून आमच्या आजीची गोष्ट. हलके घ्या.
नागपूरला जाताना आमचं विमान असंच वळवलं. आजीने पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू. आमच्या पुढच्या-मागच्या मिळून चार रांगा जेवल्या. एका गुजराती काकांनी खाखरे काढले, एका पंजाबी कुटुंबाने लोणचं. नागपूर येईपर्यंत आजीने त्या काकांच्या मुलासाठी स्थळही सुचवलं होतं! आता ती म्हणते, "विमान मेलं खुशाल वळू दे, आपला डबा सरळ आहे ना?"

चिंचोके
आजींना साष्टांग नमस्कार! त्या स्थळाचं पुढे काय झालं?

मेतकूट
जमलं. अहमदाबादला लग्नाला जाऊन आलो :)

रायनकाठ
मी जर्मनीत राहते. युरोपात २६१/२००४ या नियमाखाली हवामानाचं कारण असेल तर रोख भरपाई मिळत नाही, पण जेवण आणि मुक्कामाची सोय करणं कंपनीवर बंधनकारकच राहतं. २०१० मध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला तेव्हा डब्लिनची एक प्रवासी पोर्तुगालच्या फारोमध्ये आठवडाभर अडकली होती. कंपनीचं म्हणणं, हे तर 'असाधारणापेक्षाही असाधारण' आहे. युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, तरीही माणसाची काळजी घ्यावीच लागेल. काळजीला मुदत नाही.

मिनेसोटाचा_बाळू
सिंहगडकर, तुमचा अनुभव वाचून इकडचं एक प्रकरण आठवलं, अगदी हुबेहूब. ऑगस्ट २००९. ह्यूस्टनहून मिनियापोलिसला येणारं छोटं विमान, ४७ प्रवासी. वादळामुळे रॉचेस्टरला वळवलं. मध्यरात्रीनंतर उतरले ते सकाळपर्यंत जवळपास सहा तास विमानातच. टर्मिनल दिसत होतं, हाकेच्या अंतरावर. क्रूची वेळ संपली. कॅप्टन लोकांना आत सोडा म्हणून सारखी विनंती करत होती, पण टर्मिनलवर हजर असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी नाही म्हटलं, कारण सुरक्षा तपासणीवाले घरी गेले होते. खरं तर वेगळ्या जागेत बसवता आलं असतं.

चौकशी झाली. कॅप्टनला दोष दिला नाही. जिच्या नावाने तिकीट विकलं ती काँटिनेंटल आणि जी प्रत्यक्ष उडवत होती ती एक्सप्रेसजेट, दोघींना प्रत्येकी ५० हजार डॉलर दंड. आणि टर्मिनलवरून 'नाही' म्हणणाऱ्या मेसाबाला सर्वात जास्त, ७५ हजार. पुढच्याच वर्षी नियम आला: देशांतर्गत विमानात तीन तासांच्या आत प्रवाशांना उतरायची संधी द्यायची, दोन तासांच्या आत खाणं-पाणी. वादळं काही कमी झाली नाहीत, पण कंपन्या घड्याळ बघायला लागल्या.

खडकवासला
बाळू, हे फार उपयोगी. मला वाटायचं की जबाबदारी अनेकांत वाटली की कोणाचीच राहत नाही. इथे तर तिघांनाही पकडलं.

आकाशकंदील
हा धागा वाचताना एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान, पाऊस, टेबलटॉप (पठारावरची, टोकाला उतार असलेली) धावपट्टी, पहिला प्रयत्न सोडून दिला, दुसऱ्यात विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. २१ जण गेले. आपले कॅप्टन दीपक साठे त्यात गेले, त्यांचे सहवैमानिकही.

चौकशी अहवालाने संभाव्य कारण म्हणून कार्यपद्धती न पाळल्याचं लिहिलं, ते खरंच आहे, झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच अहवालात पुढे असंही आहे की दुसऱ्या दिवशी सकाळचं कोळिकोडहून निघणारं विमान याच कॅप्टनकडे होतं, आणि त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते. विमान दुसरीकडे नेलं असतं तर सकाळची फेरी कोलमडली असती. ते ओझं त्या रात्री कॉकपिटमध्ये होतं. समोरच्या काचेचा वायपरही पहिल्या प्रयत्नातच बंद पडला होता.

म्हणून मला नियोजनाचा राग येतो. शिडी, पोळी-भाजी, हॉटेल हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण डायव्हर्ट केल्यावर सगळं विस्कटणार, प्रवासी ओरडणार, कंपनी हिशोब मागणार, हे वैमानिकाला आधीच माहीत असलं, की वळायचा निर्णय जड होतो. उतरल्यानंतरची सोय चोख असेल तर वळणं सोपं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

सिंहगडकर
आकाशकंदील, मी प्रश्न विचारताना एवढा विचार केला नव्हता. खरंय.

खडकवासला
माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

ग्राहक_पंचायत_प्रेमी
आता कायद्याचं. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) प्रवासी सुविधांच्या नियमांत (सेक्शन ३, सिरीज एम, भाग ४) हवामानासारख्या असाधारण परिस्थितीत भरपाईचं बंधन नाही. कंपन्या इथेच थांबतात आणि आपणही. पण पुढचं वाक्य वाचा: सर्व वाजवी उपाय करूनही जे टाळता आलं नसतं, अशी परिस्थिती. सगळी मेख 'वाजवी उपाय' या दोन शब्दांत आहे. पाऊस टाळता आला नसता. दहा ते दोन विमानात कोंडून ठेवणं टाळता आलं असतं का? हे कंपनीने सांगायला हवं.

आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा, मग एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. तिथे दाद नाही लागली तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो, दिल्लीला खेपा घालायला नकोत. आणि विमानतळ, एजन्सी यांच्या मागे वेगवेगळं धावू नका. तुमचा करार ज्याने तिकीट विकलं त्याच्याशी आहे. पुढे त्यांनी आपसांत काय ते बघावं.

वाऱ्याची_दिशा
याला जोडून सांगतो. 'खूप त्रास झाला' असं लिहिलंत तर 'क्षमस्व' असं उत्तर येईल. वेळा मागा. या सगळ्याच्या नोंदी असतात. पहिली, वळायचा निर्णय किती वाजता कळवला. दुसरी, त्या विमानतळावर हँडलिंगसाठी पहिला निरोप किती वाजता गेला. तिसरी, शिडी किती वाजता मागितली. चौथी, क्रूची ड्युटी किती वाजता संपणार होती.

शिडीवाला
काका, तिसऱ्या नोंदीला माझं अनुमोदन. आमच्याकडे रजिस्टरमध्ये लिहिलेली असते. निम्म्या वेळा शिडी मागितलेलीच नसते, कारण 'आत्ता निघू' म्हणून वाट बघत असतात.

सिंहगडकर
मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतोय. नोडल अधिकाऱ्याला या चारच वेळा मागणारं पत्र लिहिलं होतं. पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे हवामानाचं आणि दिलगिरीचं. मी परत तेच चार प्रश्न पाठवले. काल दुसरं उत्तर आलं. तीन प्रश्नांना बगल दिलीय, पण एका वाक्यात लिहून गेलेत की शिडीची मागणी ००:५५ ला नोंदवली.

आम्ही दहाला उतरलो होतो.

ते पत्र घेऊन सोमवारी जिल्हा आयोगात जातोय. आईने सोबत यायचा हट्ट धरलाय. तिचं म्हणणं, अर्जात त्या पोळी देणाऱ्या मुलीचाही उल्लेख हवा, चांगल्या अर्थाने. तो परिच्छेद तिने स्वतः लिहून दिलाय.

शिडीवाला
दादा, ००:५५ खाली लाल रेघ मारून न्या.